पडद्यावरची सुईण आणि घरातला प्रेक्षक

ऐतिहासिक मालिका म्हटली की तलवारी, तटबुरूज आणि दरबार यांची चित्रे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. इतिहास घडतो तो रणांगणावर किंवा राजसभेत, अशी एक रूढ समजूत आहे. प्रत्येक राजाचा आणि प्रत्येक शिपायाचा जन्म ज्या खोलीत झाला, त्या बाळंतिणीच्या खोलीत इतिहासकाराने क्वचितच पाऊल टाकले. नाटककाराने तर तिचे दार लोटूनच घेतले. आत बायकांची लगबग, बाहेर येरझारा घालणारा नवरा आणि अखेरीस कानी पडणारे अर्भकाचे रडे, एवढ्यावरच रंगभूमीने आणि चित्रपटाने हा प्रसंग भागविला. म्हणूनच ते दार उघडून आतल्या दोघींना, म्हणजे बाळंतिणीला आणि सुइणीला, कथेच्या मध्यभागी बसविणारी मालिका इंग्लंडात निघाली, तेव्हा तिला प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद हा विचार करण्याजोगा विषय ठरला.

'कॉल द मिडवाइफ', म्हणजे 'सुइणीला बोलवा', या नावाची ही मालिका बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर १५ जानेवारी २०१२ रोजी सुरू झाली. जेनिफर वर्थ या बाईंनी १९५०च्या दशकात लंडनच्या पूर्वेकडील गोदी कामगारांच्या वस्तीत सुईण म्हणून काम केले होते. आपल्या आठवणी त्यांनी २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. या लेखनामागचे निमित्त मोठे मार्मिक आहे. टेरी कोट्स या सुईणबाईंनी १९९८ मध्ये सुइणींच्या नियतकालिकात एक लेख लिहून अशी खंत व्यक्त केली होती, की साहित्यात सुईण कोठे दिसतच नाही. जनावरांच्या डॉक्टराला लेखक मिळाला, मग सुइणीलाही कोणी मिळू नये काय? जेनिफर वर्थ यांनी ते आव्हान मानले. मालिका पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते; प्रक्षेपणापूर्वी काही महिने, ३१ मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले. हायडी थॉमस यांनी पटकथा लिहिली, आणि प्रसूतीचे प्रसंग खरे वाटावेत म्हणून सल्लागार नेमल्या गेल्या त्या टेरी कोट्सच.

कथा सुरू होते १९५७ साली. पॉप्लर नावाची दाटीवाटीची वस्ती, तेथे एका मठात राहणाऱ्या जोगिणी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या तरुण परिचारिका, सायकलीवर बांधलेली औषधांची पेटी, आणि रात्री-अपरात्री वाजणारी दाराची कडी. पहिल्याच मालिकेला सुमारे एक कोटी प्रेक्षक लाभले. त्यांत ना राजा, ना खून, ना गुप्तहेर. प्रत्येक भागात एक नवे घर आणि एक नवी बाळंतीण. मूल सुखरूप होईल की नाही, एवढाच प्रश्न. परंतु त्या प्रश्नाहून मोठा प्रश्न माणसाच्या आयुष्यात कोणता असतो?

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांकडे नीट पाहिले असता त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार ओळखीचा. त्या काळात बाळंत झालेल्या वृद्ध स्त्रिया आणि निवृत्त सुईणबाई यांना आपलेच दिवस समोर उभे राहिल्यासारखे वाटले, आणि आजवर लेकीसुनांपाशीही न बोललेल्या गोष्टी त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागल्या. दुसरा प्रकार ओढीचा. हे काम आपणही करावे, अशी इच्छा तरुण मुलींच्या मनात निर्माण झाली. तिसरा प्रकार आक्षेपाचा. सारे काही फार गोड करून दाखविले आहे, जुन्या दारिद्र्यावर साय धरली आहे, असे काही जण म्हणाले. तर दर आठवड्याला वेणा आणि किंकाळ्या पाहून गरोदर स्त्रीच्या मनात धास्ती बसते, अशी तक्रार दुसऱ्या काहींनी केली. चौथा प्रकार जागे होण्याचा. थॅलिडोमाइड या औषधामुळे हातपाय अर्धवट वाढलेली मुले जन्मास आली, आणि १९६१च्या अखेरीस ते औषध ब्रिटनमध्ये मागे घ्यावे लागले. २०१६ मध्ये मालिकेने हा विषय हाती घेतला, तेव्हा अर्ध्या शतकापूर्वीच्या त्या अन्यायाची तरुण पिढीला नव्याने ओळख झाली.

या चारही प्रकारांच्या मुळाशी एक समान धागा आहे. पडद्यावर जी स्त्री वेणा देत आहे तिच्यापाशी कोणीतरी बसलेले आहे. ते माणूस तिला नावाने ओळखते, तिच्या घरची परिस्थिती जाणते, आणि काम उरकेपर्यंत उठून जात नाही. ती नुसती मायाळू शेजारीण नव्हे. ती शिकलेली आहे, हात धुणारी आहे, आणि धोका दिसताच डॉक्टरला बोलावणारी आहे. इंग्लंडात १९०२च्या कायद्याने सुइणीच्या शिक्षणाला आणि नोंदणीला शिस्त लावली, आणि जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेने तिची सेवा घरोघर विनामूल्य पोहोचविली. मालिकेतील जिव्हाळा हवेतून आलेला नाही. त्याच्यामागे कायदा आहे, शिक्षण आहे आणि सरकारी तिजोरीतील पैसा आहे. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात ते या जोडीमुळे. विद्या आणि सोबत या दोन गोष्टी त्याला एकाच व्यक्तीत एकत्र आलेल्या दिसतात.

आता मराठी पडद्याकडे वळावे. विशेष म्हणजे, ज्या वर्षी इंग्लंडात ही मालिका सुरू झाली त्याच २०१२ साली झी मराठीवर रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली, आणि ती घरोघरी पाहिली गेली. प्रेक्षकांनी विशेष जीव लावला तो चिमुरड्या रमेला. तिचे पाटी घेऊन बसणे, तिचे बोलणे, तिचे परकर-पोलके यांना. परंतु त्याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे आणि सुईणकामाचे शिक्षण मिळवून देण्याचे काम हाती घेतले. पांढरपेशा घरातील विधवेने परक्याच्या बाळंतपणाला हात लावावा, ही कल्पना त्या काळी अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती. रमाबाईंच्या चरित्रातील हा भाग लहानग्या रमेच्या गोडव्याइतका लोकांच्या तोंडी आला नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसविल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. अशा बायकांच्या उशापायथ्याशी सावित्रीबाई स्वतः बसत. तेथेच जन्मलेला काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. या थोर दांपत्यावरील 'सावित्रीज्योती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संपली. प्रेक्षकसंख्येच्या मोजमापात ती मागे पडली होती. ती बंद होत असल्याचे कळताच पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. पण हळहळ मागाहून येते आणि मोजमाप रोजच्या रोज होते. प्रेक्षकाची प्रतिक्रिया त्याच्या शब्दांपेक्षा त्याने रोज संध्याकाळी लावलेल्या वाहिनीतून अधिक खरेपणाने प्रकट होते, हा यातला धडा.

ही वाहिनी जेथे लागते त्या घरांपैकी बरीच घरे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आहेत. सुरत शहराच्या पूर्व अंगाला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे मराठी मुलखात ज्याला फाटा म्हणतात ते ठिकाण. पर्वत गावाकडे वळण्याची ही जागा आता कापडबाजार आणि उंच इमारती यांच्या गर्दीत शहराचाच भाग होऊन गेली आहे. येथे आणि शेजारच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तापीच्या खोऱ्यातून उधना ते जळगाव असा जो लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला, त्याच वाटेने धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील माणसे माग आणि गिरण्या यांच्या आश्रयाला आली. घरात अहिराणी, दुकानात गुजराती आणि संध्याकाळी पडद्यावर मराठी, अशी त्यांची त्रिभाषिक राहणी आहे.

अशा एखाद्या घरात आजी, सून आणि नात एकत्र बसून जुन्या काळची मालिका पाहू लागल्या, तर तिघींना तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतील. आजीची बाळंतपणे खानदेशातील गावी, घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुइणीच्या हातून झालेली. सून पहिलटकरीण असताना रीतीप्रमाणे माहेरी गेलेली आणि सव्वा महिन्याने बाळ घेऊन सुरतेस परतलेली. दुसऱ्या वेळी मात्र येथल्याच महापालिकेच्या रुग्णालयात बाळंत झालेली. नातीला ठाऊक आहे ते डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख, तपासणीचे यंत्र आणि शस्त्रक्रियेची शक्यता. एकाच घराच्या तीन पिढ्यांत प्रसूतीचा सारा इतिहास सामावलेला असतो, आणि तो इतिहास आजवर बहुतेक वेळा मुक्याने राहिलेला असतो.

आजीच्या आठवणीतील सुईण ही मोठी विलक्षण व्यक्ती होती. मराठीत सुईण, गुजरातीत दायण. दोन्हीकडे ती बहुधा न्हावी, मांग, महार अशा समाजांतील, वयाने पोक्त आणि अनुभवाने शहाणी अशी बाई असे. तिला अक्षरओळख नसे, पण पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की उभे, हे ती सांगू शके. नाळ कापावी, बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालावे, शेक द्यावा, आणि मोबदला म्हणून धान्य, नारळ, एखादे लुगडे किंवा खण घेऊन घरी जावे. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, असा समज होता. त्या रात्रीपर्यंत बाळाला जिवंत ठेवण्याचे काम मात्र या बाईचे. आणि तरीही जिच्या हातात घरचा वंशदीप प्रथम आला, तिच्या हातचे पाणी पुष्कळ घरांत चालत नसे. मूल घ्यायला तिचे हात हवेत, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते हात विटाळाचे! पडद्यावरील सुइणीकडे पाहून ज्यांना गहिवर येतो, त्यांनी आपल्या गावच्या सुइणीचे नाव आठवून पाहावे. पुष्कळांना ते आठवणार नाही. सुईण म्हणूनच ती ओळखली गेली.

परंतु जुन्या काळाचा गहिवर आवरणेही तितकेच आवश्यक आहे. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात नमूद केले, की हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता मृत्युमुखी पडतात. म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया. नाळ कापण्यासाठी विळा किंवा पाते जे हाताशी असेल ते वापरले जाई, आणि त्यातून बाळाला धनुर्वात होई. न धुतलेल्या हातांनी बाळंतिणीला ज्वर येई. यात सुइणीचा दोष थोडा आणि अज्ञानाचा अधिक. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रख्यात रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले होते, की बाळंतज्वर डॉक्टरांच्याच हातांवरून पसरतो. आणि त्या शिकल्या-सवरल्या मंडळींनीही त्याचे म्हणणे लवकर मानले नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ ही पंचसूत्री आपल्याकडील दाईपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर माता व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले ते २०१५ साली.

रुग्णालयाने केलेले कार्य आकड्यांतून स्पष्ट दिसते. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे २६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ८९ टक्के झाले, आणि गुजरात व महाराष्ट्रात तर ते ९४ टक्क्यांच्या पुढे गेले. २०१८-२० या काळात देशात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या. गुजरातेत ५७ आणि महाराष्ट्रात ३३. हजारामागे २० आणि लाखामागे ९७ यांतील अंतर म्हणजे लक्षावधी घरांत न विझलेले दिवे होत. आजीला जुन्या दिवसांची ओढ वाटली तरी तिने आपल्या नातीला अंधाऱ्या खोलीत परत पाठवू नये, हेच हे आकडे सांगतात.

मग सोबतीचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर सुरत शहरानेच फार पूर्वी पाहिलेले आहे. डॉक्टर रखमाबाई यांचे नाव मराठी माणसाला ठाऊक असते ते त्यांच्या खटल्यामुळे. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८७ मध्ये, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निवाडा झाला, तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी दाखविली. पुढे तडजोड झाली, आणि त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी प्रसूतिविषयावर मराठीत पुस्तक लिहिले होते. त्या विद्येचा वारसा जणू लेकीने पुढे चालविला. शिक्षण पुरे करून आल्यावर १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिल्या.

त्या काळी रुग्णालयात जाणे म्हणजे मरायला जाणे, अशी समजूत होती. सुरतेच्या बायका बाळंतपणासाठी तेथे पाऊल टाकीनात. तेव्हा रखमाबाईंनी, असे सांगितले जाते, की एक गाभण मेंढी रुग्णालयात आणून ठेवली. ती तेथे सुखरूप व्याली. बायकांनी ते पाहिले आणि मग हळूहळू त्यांची भीती गेली. ही हकीकत हसू आणणारी वाटते, पण तिच्यात मोठे मर्म आहे. रखमाबाईंनी बायकांना अडाणी म्हणून हिणविले नाही, त्यांना व्याख्यानही दिले नाही; त्यांना समजेल असा दाखला त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. विद्येने विश्वास मिळवायचा असतो, तो गृहीत धरायचा नसतो, हे त्यांनी ओळखले होते. रखमाबाईंच्या जीवनावर अनंत महादेवन यांनी मराठी चित्रपट केला; परंतु त्यांच्या सुरतेतील वर्षांवर घरोघर पाहिली जाणारी दीर्घ मालिका अद्याप मराठीत निघायची आहे.

इंग्लंडात सुईण टिकली आणि भारतात ती का विरली, हेही येथे समजून घेतले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर सुईणकाम शिकलेल्या साहाय्यक परिचारिका तयार करण्यात आल्या, आणि खेडोपाडी त्या 'नर्सबाई' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीच्या शिफारशीने त्यांच्याकडे बहुविध कामे सोपविण्यात आली. कुटुंबनियोजन, लसटोचणी, नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली बाळंतपण हे त्यांचे मूळ काम मागे पडले. गावची सुईण अडाणी म्हणून दूर सारली गेली, शिकलेली सुईण दुसऱ्या कामात गुंतली, आणि मध्ये राहिली ती एकटी बाळंतीण. ही उणीव सरकारच्याही ध्यानी आली आहे. सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ सोबतीण असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली. २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांच्या सुधारणेचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला. आणि २०१८ च्या अखेरीस, परिचारिकांना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन त्यांच्यातून नव्या सुइणी घडविण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

पर्वत पाटियाच्या वस्तीला या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. माहेर दूर, नवरा मागावर रात्रपाळीला, आसपासची भाषा अर्धवट समजणारी. अशा स्थितीत वेणा सुरू झालेल्या मुलीला औषधाइतकीच गरज असते ती, 'पोरी, घाबरू नको, मी येथे आहे' असे तिच्या बोलीत सांगणाऱ्या माणसाची. रुग्णालय जवळ आहे, वाहन मिळते, शस्त्रक्रियेची सोय आहे. हे सारे मोठे भाग्यच. त्यात सोबतीची भर घालायला मात्र यंत्र लागत नाही. सासूने, जावेने किंवा शेजारणीने आपल्याला बरोबर राहता येईल काय असे आधी विचारून ठेवावे, एवढेही पुष्कळ आहे.

जुन्या काळच्या मालिका पाहून येणारे अश्रू म्हणूनच वाया जाणारे नाहीत, ते कशासाठी आले हे ओळखले तर. ते चुलीच्या धुराची आणि कंदिलाच्या उजेडाची आठवण म्हणून येत नाहीत. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आजी म्हणत आली आहे; त्या दुसऱ्या जन्माच्या वेळी कोणी आपला हात धरावा, ही इच्छा अजून पुरी झालेली नाही, म्हणून ते येतात. पडद्यावरची कथा संपल्यावर दूरचित्रवाणी संच बंद करून नातीने आजीला एवढेच विचारावे, की तुझ्या वेळी कोण होते गं, आणि तिचे नाव काय होते? कोणत्याही वाहिनीवर न दाखविलेली एक मालिका त्या प्रश्नातून सुरू होईल, आणि तिला पहिला श्रोता घरातच मिळेल.